‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की...’

गेल्या स्थानिक निवडणुकीतली गोष्ट आहे. आमच्या विभागातील एक सहकारी मतदानाच्या दिवशी नेहमीच्या शाळेत गेले, तेव्हा त्यांचे नाव तेथील यादीत नव्हते. वीस वर्षे ते त्याच घरात राहत होते. दुपारपर्यंत शोधाशोध केल्यावर नाव शेजारच्या प्रभागाच्या यादीत सापडले आणि मतदान झाले. पण आपल्या वस्तीतल्या उमेदवारांना नव्हे, तर ज्यांची नावेही ऐकली नव्हती अशांना. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की प्रारूप यादी रीतसर प्रसिद्ध झाली होती, हरकतींसाठी मुदत दिलेली होती आणि तशी सूचनाही लागली होती. ती ज्या फलकावर लागली होती त्याच्यासमोरून आम्ही सगळे रोज महाविद्यालयात जातो. आम्ही ती पाहिली होती. वाचली मात्र कोणीच नव्हती.

भाषा आणि वाङ्‌मय शिकवणाऱ्यांच्या बाबतीत असे घडावे, हे आम्हांला लागले. म्हणून तशीच एक सूचना आम्ही एम. ए.च्या वर्गात वाचायला दिली. ‘प्रारूप’, ‘प्रभागनिहाय’, ‘विहित मुदत’, ‘प्राधिकृत अधिकारी’ या शब्दांपाशी मुले अडखळली, हे अपेक्षितच होते. परंतु एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अपेक्षित नव्हता. ती म्हणाली, “सर, हे कोणी कोणाला सांगितलंय, तेच यातून कळत नाही.” प्रस्तुत लेख हा या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे. गावाचा किंवा शहराचा कारभार चालवणारी सत्ता रहिवाशांना जेव्हा काही कळवते, तेव्हा ती त्यांना काय म्हणून संबोधते, आणि या संबोधनात काळानुसार काय बदल होत गेला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या बदलातच आपल्याकडील स्थानिक स्वराज्याचा बराचसा इतिहास साठवलेला आहे, असे आम्हांला वाटते.

छापील कागदाच्या आधी सूचना ही ऐकण्याची गोष्ट होती. चावडीवर ठरलेली गोष्ट दवंडी पिटून गावाला कळवली जाई. कोठे डफ, कोठे हलगी, कोठे ढोल वाजे. माणसे दारात येत. दवंडी देणारा ठरावीक जागी थांबून तेच शब्द पुन्हा उच्चारी. सारा भरण्याची मुदत, जनावरांची बंदी, बाजाराचा बदललेला दिवस, साथीच्या काळातील निर्बंध असे तिचे विषय असत. दवंडीला निरक्षरतेची अडचण नव्हती, ही तिची थोरवी. मात्र तिच्यात उलट प्रश्न विचारण्याची सोयही नव्हती. ती रयतेला उद्देशून असे आणि रयतेने ऐकून वागावे एवढीच तिची अपेक्षा असे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावकामगार व बलुतेदार यांच्या कामांचे तपशीलवार वर्णन आहे. ते वाचताना एक विसंगती ठळकपणे जाणवते. निरोप पोचवणे, माणसांना चावडीवर बोलावणे, सरकारी वसुलीसोबत जाणे, राखण करणे ही कामे प्रामुख्याने महार वतनदाराकडे होती. म्हणजे कारभाऱ्यांचा शब्द गावभर ज्याच्या पायांनी फिरे, त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती आणि ज्या निर्णयांचे निरोप तो पोचवी त्या निर्णयांत त्याला स्थान नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याने ही सक्तीची चाकरी इंग्रजी अमलातही कायम राहिली. त्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हुकूम मोठ्याने सांगत फिरलेल्या समाजाला स्वतःच्या बाबतीत ‘मूक’ म्हणावे लागले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये.

दवंडीनंतर ‘जाहीरनामा’ आला. १ नोव्हेंबर १८५८ रोजी हिंदुस्थानातील प्रमुख शहरांत वाचल्या गेलेल्या राणीच्या घोषणेला आपण ‘राणीचा जाहीरनामा’ म्हणतो. आज मात्र याच शब्दाचा अर्थ निवडणुकीपूर्वी पक्ष देतो ते आश्वासनपत्र असा झाला आहे. पूर्वी जे सत्ता प्रजेला ऐकवी, ते आता सत्ता मागणारा मतदाराला ऐकवतो. शब्द तोच राहिला, बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा मात्र बदलल्या. हा बदल एकाएकी झालेला नाही. मधल्या टप्प्यावर एक वेगळाच श्रोता उभा होता, तो म्हणजे करदाता.

१८५० च्या सव्विसाव्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यातील अनेक गावांत म्युनिसिपालट्या स्थापन झाल्या. प्रारंभी त्यांचे सभासद सरकार नेमत असे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्तच. मुंबई शहरात १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका निर्माण झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे, अशी योजना होती. त्या वर्षीच्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार भरली होती. एवढ्या शहरात ठरावीक रकमेच्या वर पालिकेचा कर भरणारा तोच मतदार, म्हणजे मतदार मूठभरच होते. १८ मे १८८२ रोजीच्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने आणि त्यानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये झालेल्या कायद्यांनी निवडणुकीचे तत्त्व लहान शहरांत आणि लोकल बोर्डांत पोचवले. तरी कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांची अट कायम होती.

पालिकेच्या सूचनेची जी ठरीव घडण आपण आजही वाचतो, तिची बैठक आम्हांला या काळात दिसते. घरपट्टी, पाणीपट्टी, विलंब केल्यास दंड, मुदतीनंतर आलेल्या तक्रारींचा विचार होणार नाही, हा सूर करदात्याशी बोलण्याचा आहे. त्यात हिशेबाचा काटेकोरपणा आहे आणि काही प्रमाणात हक्काची मान्यताही आहे. कारण जो पैसा देतो त्याला जाब विचारता येतो. पण ज्याच्या नावावर घर नाही, जो चाळीत पोटभाडेकरू आहे, ज्या स्त्रीच्या नावे काहीच नाही, त्यांच्याशी ही सूचना बोलत नव्हती. ते शहरात राहत होते, रस्ते झाडत होते, गिरण्या चालवत होते. शहराच्या पत्रव्यवहारात मात्र त्यांना जागा नव्हती.

सूचना आणि तिचा श्रोता यांच्यातील हे अंतर किती खोल असू शकते, याचे उदाहरण म्हणून महाडकडे पाहिले पाहिजे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. परंतु ती घटना एका नगरपालिकेच्या ठरावाची कथाही आहे, हे सहसा लक्षात राहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. आजच्या भाषेत सांगायचे तर एका नागरी सेवेविषयीची ही अधिकृत सूचना होती. तीन वर्षे ती कागदावर राहिली. ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांपैकी कोणी तळ्यावर जाऊ शकत नव्हते, आणि आपलाच ठराव अमलात आणण्यासाठी पालिकेने काही केले नाही.

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नगरपालिकेच्या दप्तरातील एक वाक्य त्यांनी प्रत्यक्षात आणले, असेही या कृतीकडे पाहता येते. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे जे झाले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तो निजून होता तोपर्यंत कोणाला खटकला नव्हता. वाचला गेला आणि पाळला गेला तेव्हाच तो अडचणीचा ठरला. प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी मालकीचे आहे हा दावा टिकला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. सूचना ‘सर्वांस’ उद्देशून लिहिली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोचतेच असे नाही. ‘सर्व’ या शब्दात आपण आहोत हे कोणाला तरी पाऊल उचलून सिद्ध करावे लागते.

करदात्याचा मतदार कसा झाला, हा यापुढचा टप्पा. मुंबईत १९२२ नंतर भाडेकरूंनाही मताधिकार मिळाला आणि प्रौढ मताधिकारावर आधारलेली महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. येथे भाषेकडे क्षणभर वळले पाहिजे. ‘मत’ हा शब्द संस्कृत असून त्याचा मूळ अर्थ विचारपूर्वक बनवलेला अभिप्राय असा आहे. ‘उमेदवार’ हा फारसी शब्द. आशा बाळगणारा तो उमेदवार, आणि काम शिकत पडेल ते कष्ट करणाऱ्यालाही मराठीत उमेदवारच म्हणतात. ‘कौल’ हा अरबी. पूर्वी तो वचन, अभयपत्र या अर्थाने रयतेला दिला जाई आणि आजही देवापुढे लावला जातो. कौल देणारा पूर्वी राजा किंवा देव होता, आता तो मतदार आहे. निवडणुकीची आपली परिभाषा अशी तीन ठिकाणांहून आलेली आहे आणि त्या प्रत्येक शब्दात मतदाराचा मोठेपणा गृहीत धरलेला आहे. यादीत नाव असले तरच तो मोठेपणा वापरता येतो, हे मात्र शब्दकोशात सापडत नाही.

यादीचे महत्त्व पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, दिसून आले. देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयाद्यांतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई किंवा तमक्याची बायको अशी नोंद करवली होती. हे मुख्यत्वे उत्तर व मध्य भारतात घडले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. तेव्हा तो निर्णय कठोर वाटला असेल. पण राज्यसंस्था प्रत्येक स्त्रीशी तिच्या स्वतःच्या नावाने बोलेल, हे तत्त्व त्यातून रुजले. पुढे महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना १९९० मध्ये ३० टक्के, घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि २०११ मध्ये ५० टक्के जागा राखीव झाल्या, त्यामागे नावाच्या या नोंदीची वाटचाल आहे.

आमच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत काय झाले, तेही येथेच स्पष्ट केले पाहिजे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये, महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि स्थानिक निवडणुका त्याच्याकडे आल्या. परंतु या निवडणुकांसाठी मतदारांची स्वतंत्र नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन ती प्रभागांत किंवा गटांत विभागली जाते. ही विभागणी करताना एखादी इमारत किंवा गल्ली चुकीच्या प्रभागात जाऊ शकते. म्हणूनच प्रारूप यादी लावतात आणि हरकती मागवतात. विधानसभेच्या यादीत मुळात नावच नसेल तर या टप्प्यावर ते नव्याने घालता येत नाही. प्रभाग चुकला असेल तर मात्र तो दुरुस्त करता येतो. म्हणजे त्या फलकावरची दुर्बोध वाटणारी सूचना हीच दुरुस्तीची संधी होती. ती आम्ही दवडली.

आता ‘नागरिक’ या शब्दाकडे येऊ. राज्यकारभाराची मराठी घडवण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवकाळातील ‘राज्यव्यवहारकोश’ आपणांस ठाऊक आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ मध्ये सिद्ध झाला. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी दिला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय निघाले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. या कार्याची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालेली आहे. आमचा आक्षेप शब्दांवर फारसा नाही. शब्द वापराने रुळतात. ‘महापौर’ आज कोणालाही अडखळवत नाही. आक्षेप आहे तो वाक्यरचनेवर. ‘कळविण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘विचार केला जाणार नाही’ या वाक्यांत कर्ता नाही. जुन्या मराठी पत्रांचा मायना कितीही लांबलचक असला तरी कोण कोणाला लिहीत आहे हे पहिल्या ओळीतच समजते. आजच्या सूचनेत बोलणारा अदृश्य आणि ऐकणारा ‘तमाम’ असतो. आमच्या विद्यार्थिनीला जाणवलेली उणीव हीच होती. कर्ता नसलेल्या वाक्याला जाब विचारता येत नाही.

स्थानिक संस्थांच्या भाषेविषयी अलीकडे दोन घडामोडी झाल्या. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आदींनी आपला कारभार मराठीतून करावा, अशी तरतूद करणारा स्वतंत्र अधिनियम महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाला. त्यानंतर अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. फलकावर मराठीसोबत उर्दूतही नाव लिहिलेले होते आणि त्याला आक्षेप घेण्यात आला होता. १५ एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने उर्दूला मनाई नाही असे स्पष्ट केले. नगरपरिषद ही स्थानिक लोकांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी आहे आणि तेथील लोकांना एखादी भाषा परिचित असेल तर मराठीच्या जोडीला ती वापरण्यास अडचण नसावी, असा त्या विवेचनाचा आशय होता. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला या निकालात मराठीचा काही तोटा दिसत नाही. फलक कोणासाठी आहे हा प्रश्न न्यायालयाने आधी विचारला, आणि तोच प्रश्न आम्ही या लेखात विचारत आहोत.

गेल्या काही वर्षांत आणखी एक संबोधन रूढ झाले आहे, ते म्हणजे ‘लाभार्थी’. योजनेचा लाभ ज्याला मिळतो तो लाभार्थी, हे व्याकरणदृष्ट्या बरोबरच आहे. पण मतदार निवडतो, करदाता जाब विचारतो, आणि लाभार्थी रांगेत उभा राहतो. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात याहून वेगळी भूमिका आहे. जन्माचा दाखला किंवा रहिवासाचा दाखला यांसारखी अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा ‘पात्र व्यक्ती’चा हक्क आहे, कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देईल आणि न दिल्यास अपील कोणाकडे करायचे, याची माहिती कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. म्हणजे या एका सूचनेत कर्ता परत आला आहे. दुर्दैवाने बहुतेकांच्या नजरेतून तीच सुटते.

२०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातील इतर अनेक स्थानिक संस्थांचेही तेच झाले. २०१७ मध्ये मत दिलेल्या मुंबईकरांना पुन्हा मत देता आले ते थेट २०२६ च्या जानेवारीत. त्या सगळ्या काळात पाणीकपातीच्या, कराच्या, रस्ते बंद असल्याच्या सूचना नियमितपणे येत राहिल्या. त्या करदात्याला आणि लाभार्थ्याला उद्देशून होत्या; मतदाराला उद्देशून काही आले नाही. आमच्या वर्गातल्या अनेक मुलांनी अठराव्या वर्षानंतर आपल्या शहराच्या कारभारासाठी एकदाही मत दिलेले नव्हते. त्यांना ‘प्रारूप’ शब्द अडला यात नवल ते काय? जी क्रिया घडतच नाही तिची परिभाषा कोणाच्या तोंडी बसणार?

खेड्यांत अजून ग्रामसभेच्या आधी दवंडी दिली जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी तरतूद कायद्यात आहे. शहरांत तेच काम घंटागाडीवरचा भोंगा करतो. माध्यम कोणतेही असो, रयत, करदाता, मतदार, नागरिक, लाभार्थी ही पाचही माणसे आज एकाच घरात राहतात आणि एकच सूचना त्या पाचांपर्यंत जाते. तिला कोणाच्या कानांनी ऐकायचे, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते.

असो. वर्गात आम्ही त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. मुलांना ती सूचना पुन्हा लिहायला सांगितली. अट एवढीच, की प्रत्येक वाक्यात कर्ता हवा आणि पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला हाक हवी. एकाने लिहिले ते असे : तुमचे नाव कोणत्या प्रभागात गेले आहे ते पाहा; चुकले असेल तर या तारखेपर्यंत या अधिकाऱ्याकडे लेखी सांगा; तो ते तपासून दुरुस्त करील. ही तीन वाक्ये आम्ही विभागाच्या फलकावर लावली आहेत. त्यातली तारीख आणि अधिकाऱ्याचे पद यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी त्या भरण्याचे काम ज्या सहकाऱ्यांचे नाव शेजारच्या प्रभागात गेले होते, त्यांनीच मागून घेतले आहे.